कुळांचा सेनापती

पुण्यात एक सेनापती बापट रस्ता आहे आणि मुंबईत एक सेनापती बापट मार्ग. मुंबईचा मार्ग पूर्वी तुळशी पाइप रोड म्हणून ओळखला जाई. जुनी माणसे अजून तेच नाव घेतात. दोन्हीकडे आता काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि तिथल्या जागेचे दर ऐकले की माझ्यासारख्या निवृत्त बँकवाल्यालाही शून्ये बोटांवर मोजावी लागतात. तिथून रोज जाणाऱ्या एखाद्या तरुणाला विचारावे, बाबा रे, हे सेनापती कुठल्या फौजेचे? बहुधा शिवाजी महाराजांच्या नाहीतर पेशव्यांच्या, असे उत्तर येईल. त्यात त्याचा दोष नाही. पांडुरंग महादेव बापटांना ही पदवी ना छत्रपतींनी दिली, ना कुठल्या सरकारने. ती मिळाली मुळशी पेट्यात, १९२१ ते १९२४ या वर्षांत. आणि त्यांची फौज म्हणजे भातखाचरांत गुडघाभर चिखल तुडवणारे मावळे. या फौजेची एक गोष्ट बापटांच्या गौरवाच्या भाषणांतून फारशी सांगितली जात नाही. जी जमीन वाचवायला ही माणसे उभी राहिली, तिच्यातली बरीचशी कागदोपत्री त्यांची नव्हतीच.

माझी उमेदीची वर्षे बँकेच्या ग्रामीण शाखांत गेली. कादंबऱ्या पुढे सुचल्या, आधी सुचला तो सातबारा. कर्जाचा अर्ज आला की आम्ही अर्जदाराच्या चेहऱ्याआधी उतारा पाहत असू. मालकाच्या रकान्यात कोण, 'इतर हक्क' या सदरात काय, कुळाचे नाव कधी लागले, कोणत्या फेरफाराने गेले. चार-पाच ओळींत एका घराण्याचे तीन पिढ्यांचे नशीब लिहिलेले असे. बापटांचे चरित्र मी पुढे पुन्हा वाचले ते याच सवयीने, आणि मला त्यात बॉम्बपेक्षा खंडाच्या पावत्याच अधिक दिसू लागल्या.

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० चा, नगर जिल्ह्यातल्या पारनेरचा. हे गाव आणि हे साल दोन्ही लक्षात ठेवण्यासारखी आहेत. त्याआधी पाचच वर्षे, १८७५ साली, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची दप्तरे जाळली आणि ते लोण पारनेर तालुक्यापर्यंत पसरले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात त्याची नोंद आहे. दंगेकऱ्यांचा राग माणसांपेक्षा कागदावर होता. खते, रोखे, गहाणपत्रे हाती लागली की ती जाळायची. सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जातून दिलासा देणारा कायदा केला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे त्याने थांबवले आणि खताच्या मागचा खरा व्यवहार काय, हे तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला दिला.

कायदा चांगला होता, पण सावकार कायद्याहून चतुर होता. व्यवहार कसा चाले, ते सांगतो. लग्नाला, बैलाला नाहीतर नुसत्या पोटाला म्हणून शेतकरी पैसे घेई आणि जमीन गहाण टाकी. गहाणाची पुढे मुदतखरेदी होई, म्हणजे अमुक तारखेपर्यंत पैसे फेडले तर जमीन परत, नाहीतर विक्री कायम. तारीख उलटली की जमीन गेली. आता शहरात राहणारा सावकार काही स्वतः नांगर धरणार नसे. तो त्याच शेतकऱ्याला त्याच शेतात कूळ म्हणून ठेवी. बांध तोच, बैल तेच, माणूसही तोच. फक्त कालपर्यंत तो सरकारला सारा भरी, आजपासून सावकाराला खंड घाली. आणि कुळाची मुदत वर्षाची. ३१ मार्चला वर्ष संपले की हक्क संपला, पुढचे साल मालकाच्या मर्जीचे. आम्हा बँकवाल्यांना ३१ मार्च म्हणजे रात्रभर ताळेबंद जुळवण्याची तारीख. कुळाला ती आपण पुढच्या पावसात याच शेतात असू की नाही, हे कळण्याची तारीख होती.

पारनेरचा हा हुशार मुलगा पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवीधर झाला आणि १९०४ साली मंगळदास नथुभाई शिष्यवृत्तीवर यंत्रशास्त्र शिकायला एडिंबरोला गेला. तिथे इंग्रजी राज्याविरुद्ध भाषण केले आणि शिष्यवृत्ती गमावली. मग लंडनचे इंडिया हाऊस, सावरकरांची गाठ, पॅरिसमध्ये बंगालच्या हेमचंद्र दासांबरोबर बॉम्बच्या कृतीचे शिक्षण, १९०८ साली परत येणे, बंगालच्या कटाचा बोभाटा झाल्यावर भूमिगत होणे आणि १९१२ साली इंदूरला पकडले जाणे. हा सारा भाग चित्रपटाला साजेसा आहे आणि चरित्रकार त्यातच रमतात. मला मात्र एक योगायोग खुणावतो. बापट विलायतेत होते, नेमक्या त्याच वर्षांत शेजारच्या आयर्लंडमध्ये कुळे मालक होत होती. १९०३ च्या कायद्याने सरकारने जमीनदारांना पैसे मोजायला सुरुवात केली होती आणि कुळांनी ते लांब मुदतीच्या हप्त्यांनी फेडायचे होते. म्हणजे जमीन कसणाऱ्याला विकत घेता यावी आणि त्यासाठी सरकारने कर्ज द्यावे, ही गोष्ट इंग्रजी राजवटीला ठाऊक नव्हती असे नाही. ती मुळशीपर्यंत आणायची गरज तिला वाटली नाही, इतकेच.

सुटकेनंतर बापटांनी वृत्तपत्रांत काम केले, पारनेरला हातात झाडू घेऊन रस्ते झाडले, मुंबईच्या झाडूवाल्यांच्या बाजूने ते उभे राहिले आणि अंदमानातल्या राजबंद्यांच्या सुटकेसाठी खटपट केली. एडिंबरोपर्यंत जाऊन आलेला माणूस झाडू घेतो, हे त्या काळच्या पांढरपेशा समाजाला विक्षिप्तपणाचे वाटले असणार. पण या माणसाचा पिंडच तसा होता. ज्याचे नाव कुठल्याच वहीत मालक म्हणून नाही, त्याच्याकडे तो आपसूक ओढला जाई.

आता मुळशी. पुण्याहून पिरंगुट, पौड ओलांडून ताम्हिणीकडे जाताना उजव्या-डाव्या हाताला जो जलाशय दिसतो, पावसाळ्यात ज्याच्या काठी आपण सहकुटुंब भाजलेली कणसे खातो, तिथे नीला आणि मुळा या नद्यांचे खोरे होते. तळाला भाताची खाचरे आणि त्यांत आंबेमोहोर. हे पाणी मुळात पूर्वेला, भीमेकडे जाणारे. टाटांच्या कंपनीने ते अडवून सह्याद्रीच्या कड्यावरून पश्चिमेला कोकणात भिऱ्याला सोडायचे आणि त्यावर मुंबईसाठी वीज करायची, असे ठरवले. खोपोलीचे वीजघर आधीच झाले होते. मुळशीसाठी १९१९ साली टाटा पॉवर कंपनी निघाली. योजना बुद्धिमान होती, भांडवल देशी होते आणि मुंबईच्या गिरण्यांना कोळशाऐवजी स्वस्त वीज मिळणार होती. स्वदेशीच्या त्या दिवसांत अशा कंपनीच्या विरोधात बोलणे सोपे नव्हते. पण धरणात पन्नासच्या वर गावे आणि सुमारे ११,००० माणसे जाणार होती, आणि कंपनीने रीतसर संपादन होण्याआधीच लोकांच्या शेतांत चर खणायला सुरुवात केली होती.

१६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. सुमारे १२०० मावळे धरणाच्या पायापाशी जाऊन बसले. मजुरांनी काम थांबवले. बायका, पोरे, म्हातारे सगळे त्यात होते. पुण्याच्या टिळकपंथीयांनी पाठिंबा दिला, गांधीजींनीही सत्याग्रहींबद्दल सहानुभूतीने लिहिले. विनायकराव भुस्कुटे गावोगाव हिंडत होते आणि त्यांच्या बरोबरीने बापट. काम काही महिन्यांसाठी थांबले तेव्हा अनेकांना वाटले, जिंकलो.

पण इथे कागद आडवा आला. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेतला. या कायद्यात कंपनीसाठी जमीन घेण्याचे वेगळे प्रकरणच होते. संपादन म्हटले की मोबदला आला आणि मोबदला कोणाला, तर आधी मालकाला. मुळशीच्या खाचरांचे मालक बऱ्याच ठिकाणी पुण्यातले सावकार होते. त्यांना खाचर म्हणजे वर्षाला येणारा खंड आणि तोही अवर्षणात बुडणारा. त्याऐवजी रोख रक्कम, तीही चढ्या भावाने, मिळत असेल तर वाईट काय? त्यांच्या जागी मी असतो आणि माझ्यापुढे नुसता हिशेबाचा कागद असता, तर मीही तोच सल्ला दिला असता. कुळाची गोष्ट वेगळी. त्याची मुदत वर्षाची. वर्षाच्या हक्काचा मोबदला तो किती होणार? त्याला भाव वाढवून नको होता, त्याला धरणच नको होते. एकाच झेंड्याखाली दोन मागण्या होत्या आणि पहिल्या पावसातच त्या वेगळ्या झाल्या. जमीनमालकांनी कंपनीशी बोलणी केली आणि शहरातल्या पुढाऱ्यांचा सूर बदलत गेला. राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहाचा सविस्तर अभ्यास केला आहे. सावकार आणि कुळे यांच्यातली ही फाट त्यांनी स्पष्ट दाखवली आहे.

बापट जातीने ब्राह्मण, शिक्षणाने इंजिनीअर, पुण्याच्या पुढाऱ्यांत ऊठबस असलेले. मालकांच्या बाजूने जायला त्यांना काहीच अडचण नव्हती, आणि धरणाची योजना किती उत्तम आहे हेही त्यांना इतरांहून चांगले कळत असणार. ते कुळांबरोबर राहिले. अटक झाली, तुरुंगात गेले, सुटले, परत मुळशीत आले, पुन्हा अटक. काळकर्ते शिवरामपंत परांजपे यांनाही १९२२ साली या लढ्यात तुरुंगवास घडला. पण एकेक करून शहरातले हात सुटत गेले आणि भिंत वर चढत गेली.

डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी हत्यारे घेतली आणि मोजक्या साथीदारांसह कंपनीच्या कामाची आगगाडी अडवली. गोळ्या सुटल्या. सात वर्षांची शिक्षा झाली. अहिंसक सत्याग्रहाचा शेवट असा व्हावा, हे गांधीमार्गी मंडळींना रुचले नाही. बापटांचे म्हणणे असे, की ज्याची त्याची प्रकृती ज्या मार्गाने जाते त्या मार्गाने, शिक्षा भोगायची तयारी ठेवून, अन्यायाचा प्रतिकार करावा. यालाच ते शुद्ध सत्याग्रह म्हणत. मला स्वतःला हा युक्तिवाद पटत नाही. गाडी चालवणाऱ्याचा मुळशीच्या खाचरांशी काय संबंध? पण एवढे खरे, की हा तडाखा लढा हरल्यावरचा होता. गावे उठत होती, सोबतीला फारसे कोणी उरले नव्हते, आणि सेनापतीला स्वस्थ बसवत नव्हते. भिऱ्याचे वीजघर १९२७ साली सुरू झाले तेव्हा ते तुरुंगात होते.

१९३१ साली सुटले, महाराष्ट्र काँग्रेसचे अध्यक्ष झाले, भाषणाबद्दल पुन्हा लांबलचक शिक्षा झाली, १९३७ साली बाहेर आले. पुढे सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये गेले. तुरुंगांत आणि बाहेरही लिहीत राहिले. अरविंदबाबूंच्या दिव्य जीवनावरच्या मोठ्या ग्रंथाचे मराठी भाषांतर त्यांनी केले, हे अनेकांना ठाऊक नसते.

बापट तुरुंगात असतानाच कुळांचा प्रश्न दुसऱ्या बाजूने पेटला होता. भिऱ्याच्याच कुलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली १९३३ पासून जमीन कसणेच बंद केले, आणि हा संप सहा वर्षे चालला. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. १९३९ साली पहिला कूळ कायदा आला आणि संरक्षित कूळ हा शब्द दप्तरात शिरला. मग १९४८ चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा. त्याने कुळाची किमान मुदत दहा वर्षांची ठेवली आणि संरक्षित कुळाला जमीन विकत मागण्याचा हक्क दिला. १९५६ च्या दुरुस्तीने पुढची उडी घेतली. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, त्याने ती विकत घेतली असे कायद्यानेच मानले. मालकाने हो म्हणायची गरज उरली नाही. तारीख कशी निवडली पाहा. ३१ मार्चची दुसरी सकाळ.

हे 'मानणे' प्रत्यक्षात कसे घडे, ते आम्ही शाखेत बसून जुन्या फेरफारांत वाचत असू. शेतजमीन न्यायाधिकरण कुळाला नोटीस काढी, विकत घेतोस का म्हणून जबाब घेई आणि किंमत ठरवी. ही कलम ३२ ग ची चौकशी. किंमत साऱ्याच्या २० ते २०० पटींच्या दरम्यान. सारा तीन रुपये धरला तर साठ ते सहाशे रुपये. एकरकमी जमले नाही तर जास्तीत जास्त बारा वार्षिक हप्ते, व्याजासह. शेवटचा हप्ता फिटला की ३२ म चे प्रमाणपत्र. ते जुन्या ट्रंकेतून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलेले मी पुष्कळ पाहिले आहेत. मालक विधवा, अज्ञान किंवा अपंग असेल तर खरेदी लांबणीवर पडे. आणि कूळ जबाबाला हजरच झाले नाही, तर खरेदी निष्फळ. मालकाच्या भिडेने, नोटीस वाचता न आल्याने नाहीतर गावकीच्या दडपणाने गैरहजर राहिलेल्या कुळांचे उतारे वाचताना जीव तुटे. हजर राहिलेल्यांनाही जमीन मिळाली ती बांधलेली. इतर हक्कांत कलम ४३ ची नोंद, म्हणजे कलेक्टरच्या परवानगीवाचून विक्री नाही.

कृषक दिन आला तेव्हा बापट ७६ वर्षांचे होते आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात उतरले होते. गोवामुक्तीसाठीही ते गेले होते. मुळशीच्या मावळ्यांची मागणी छत्तीस वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात आली, पण मुळशीच्या तळात कसायला खाचरच उरले नव्हते. ज्यांनी १९२१ साली पायात बसून भिंत अडवली, त्यांतले काही डोंगरउतारावर वर सरकले होते, काही मजुरीला शहरांत गेले होते. कायद्याला कसणारे कूळ लागते आणि कसण्याजोगी जमीन लागते. शिवाय सरकारने मान्य केलेल्या औद्योगिक किंवा व्यापारी संस्थांकडच्या जमिनींना खरेदीची ही कलमे लागू नाहीत, अशी सूट कलम ४३ अ मध्ये त्याच दुरुस्तीने घातली. धरण तीस वर्षांनी उशिरा आले असते, किंवा कूळ कायदा तीस वर्षे आधी आला असता, तर मोबदल्याच्या यादीत पहिले नाव कोणाचे लागले असते, हा हिशेब मी अनेकदा मनात केला आहे.

बापट २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत वारले. त्याआधी महिनाभर, त्यांना बेड्या घालणाऱ्या इंग्रजांच्या संसदेने आपल्याच देशातल्या भाडेपट्टेदारांसाठी एक कायदा केला. लांब मुदतीच्या पट्ट्यावर घर घेतलेल्या माणसाला जमीनमालकाची इच्छा असो वा नसो, त्या घराखालची जमीन विकत घेता येईल, नाहीतर पट्टा पन्नास वर्षांनी वाढवून मागता येईल. तिथल्या २०२४ च्या कायद्यात ही वाढ ९९० वर्षांपर्यंत नेली आहे. आपल्याकडेही २०१९ साली वर्ग २ च्या आणि भाडेपट्ट्याने दिलेल्या सरकारी जमिनी अधिमूल्य भरून वर्ग १ करून घेण्याचे नियम निघाले. घरवाल्यांचे प्रश्न वेगळे आणि कुळांचे वेगळे, हे मला कळते. तरी मुदत, नूतनीकरण, किंमत कोणी ठरवायची आणि मालकाचा नकार चालेल की नाही, हे चार रकाने सगळीकडे तेच आहेत.

कलम ४३ चे कुलूपही २०१४ साली सैल झाले. कुळाने जमीन खरेदी करून दहा वर्षे उलटली असतील, तर शेतसाऱ्याच्या चाळीस पट नजराणा भरून ती विकायला परवानगी लागत नाही. मुळशी तालुक्यात तोवर एकरांचे गुंठे आणि गुंठ्यांचे प्लॉट झाले होते. २०१८ साली 'मुळशी पॅटर्न' नावाचा चित्रपट आला. विकलेल्या जमिनीच्या पैशाचे आणि पुढच्या पिढीचे काय होते, ते त्यात सगळ्यांनी पाहिले. काही जण म्हणतात, बंधन उठवायला नको होते. मी तसे म्हणणार नाही. सावकाराचा मुलगा आपली जमीन हवी तेव्हा विकू शकतो आणि कुळाच्या मुलाने मात्र कलेक्टरकडे अर्ज करावा, हे काही फार दिवस टिकणारे नव्हते.

दुरुस्तीनंतर काही महिन्यांनी पौडच्या तहसील कचेरीत एका स्नेह्याच्या कामासाठी गेलो होतो. रांगेत माझ्यापुढे एक धोतर नेसलेले आजोबा होते, हातात तीच प्लास्टिकची पिशवी. त्यांच्या तुकड्याचा आकार चार रुपये वीस पैसे. चाळीस पट म्हणजे एकशे अडुसष्ट रुपये. त्यांनी दोनशे दिले, कारकुनाकडे सुटे नव्हते, म्हणून बत्तीस रुपयांसाठी ते बाकावर थांबून राहिले. मुलगा दोनदा बोलवायला आला. बाहेर गाडीत एजंट खोळंबला होता. आजोबांनी बत्तीस रुपये मोजून घेतले, पावती ३२ म च्या प्रमाणपत्रामागे घडी करून ठेवली आणि मग उठले.